काटकसरी झाडे, तहानलेली हवा

म्हैसूर-उटी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याचा एक जमाखर्च कायम चालू असतो. शेतातली नाचणी असो की जंगलातला धावडा, मोजक्या पाण्यात वर्ष काढायचे असते. हवा तापत चालली असताना हा हिशेब जुळेल का?

म्हैसूर म्हटले की मराठी पर्यटकाच्या डोळ्यांपुढे राजवाडा, चामुंडी टेकडी, चंदनाचा साबण आणि वृंदावन उद्यानातली कारंजी येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सहलीची बस उटीच्या रस्त्याला लागते. नंजनगूड, गुंडलुपेट, बंदीपूर, मुदुमलै अशी नावे एकामागून एक मागे पडतात. शेते संपून जंगल सुरू झाले की साऱ्यांचे डोळे हत्तीच्या शोधात लागतात. झाडाझुडपांकडे मुद्दाम कोणी बघत नाही.

शास्त्रज्ञ मात्र बघतात. म्हैसूरच्या आसपासच्या या कोरड्या टापूत गेली कित्येक वर्षे एका साध्या प्रश्नाचा पाठपुरावा चालू आहे. वनस्पती एक लिटर पाणी खर्च करून किती वाढते? घरच्या भाषेत सांगायचे तर, मिळालेल्या पगारात ती संसार कसा चालवते? पाऊस बेभरवशाचा होत असताना या प्रश्नाचे उत्तर शेतकऱ्याच्या कोठारापासून जंगलातल्या वाघापर्यंत साऱ्यांनाच हवे आहे.

म्हैसूर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. मोसमी ढगांतले बरेचसे पाणी पश्चिमेकडचा सह्याद्री काढून घेतो. त्यामुळे म्हैसूरच्या वाट्याला वर्षाला जेमतेम ८०० मिलिमीटर पाऊस येतो. आपल्या कोकणात एकट्या जुलै महिन्यातही एवढा पाऊस पडून जातो. म्हैसूरचा पाऊस पुन्हा दोन हप्त्यांत येतो. पहिला जोर मे महिन्यात वळवाचा, दुसरा सप्टेंबर-ऑक्टोबरात. मधल्या दिवसांत आभाळ भरून येते, पण हात आखडता असतो. सोलापूर, नगरकडच्या वाचकांना हे वर्णन ओळखीचे वाटेल.

तोंड उघडले की पाणी जाते

झाडाच्या पानावर डोळ्यांना न दिसणारी हजारो बारीक छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. अन्न तयार करण्यासाठी लागणारा कार्बन डायऑक्साइड झाड या छिद्रांतून आत घेते. अडचण अशी की छिद्र उघडले की आतली वाफ बाहेर निघून जाते. उन्हाळ्यात वाऱ्यासाठी खिडकी उघडावी आणि माठातले पाणी आटत जावे, तसाच हा प्रकार. छिद्र बंद ठेवले तर पाणी वाचते, पण उपासमार होते. उघडे ठेवले तर पोट भरते, पण घसा कोरडा पडतो. कोरड्या प्रदेशातल्या प्रत्येक वनस्पतीचे आयुष्य या कोंडीत जाते.

एका किलो वाढीसाठी किती पाणी लागते, याची पद्धतशीर मोजणी ब्रिग्ज आणि शँट्झ या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी कोलोरॅडोच्या कोरड्या पठारावर १९११ पासून केली. त्यांनी पिके मोठ्या कुंड्यांत वाढवली आणि त्या कुंड्या वेळोवेळी तोलून प्रत्येक पिकाचा पाण्याचा खर्च काढला. एक किलो कोरडा पाला, काड्या व दाणे तयार व्हायला ज्वारीला सुमारे ३२२ लिटर, मक्याला ३६८ लिटर, गव्हाला ५१३ लिटर, तर लसूणघासाला आठशे लिटरहून अधिक पाणी लागले. राळ्यासारखी बारीक तृणधान्ये ३१० लिटरच्या आसपास भागवत होती. जागा बदलली, हवा बदलली की हे आकडे बदलतात. पण कोण उधळ्या आणि कोण काटकसरी, हा क्रम फारसा बदलत नाही.

नाचणीची युक्ती

जुन्या म्हैसूर संस्थानाचे मुख्य अन्न नाचणी. कन्नडमध्ये रागी. तिच्या पिठाचा उकडलेला गोळा, म्हणजे रागी मुद्दे, आमटीत बुडवून न चावता गिळायचा, अशी तिकडची रीत. हे धान्य मूळचे पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातले. हजारो वर्षांपूर्वी ते भारतात आले आणि इथलेच होऊन गेले.

हे पीक इथे का रुजले, याचे उत्तर पानाच्या आत आहे. कार्बन डायऑक्साइड पकडण्याचे काम पानातला एक रेणू करतो. तो थोडा धांदरट आहे. ऊन चढले की तो चुकून ऑक्सिजन पकडतो आणि झाडाची मेहनत फुकट जाते. भात, गहू, कडधान्ये आणि बहुतेक सारे वृक्ष हे नुकसान सोसतात. नाचणी, ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांनी मात्र पानात जणू पंप बसवून घेतला आहे. बाहेरून आलेला कार्बन डायऑक्साइड आधी एका थरातल्या पेशी पकडतात आणि मग तो आतल्या खोलीत दाटीवाटीने भरतात. तिथे त्या धांदरट रेणूला चूक करायला वाव राहत नाही. हॅच आणि स्लॅक या जोडीने ही व्यवस्था १९६६ मध्ये उसाच्या पानात उलगडून दाखवली. तिला सी-फोर पद्धत म्हणतात. आतला पंप जोरकस असल्यामुळे छिद्रे थोडीशी उघडली तरी काम भागते, आणि साहजिकच पाणी कमी जाते.

याच यादीत ऊसही आहे, हे मात्र विसरू नये. उसाचे पानही काटकसरीच आहे. पण तो शेतात वर्षभर उभा असतो आणि रोज पाणी मागतो. एका थेंबाला किती पीक आणि एका एकराला किती पाणी, हे दोन वेगळे हिशेब आहेत. नाचणीचे बरेचसे वाण साडेतीन-चार महिन्यांत कापणीला येतात. तिची बचत दुहेरी आहे.

शेतकऱ्यांनी या बचतीला आपली अक्कल जोडली. दक्षिण कर्नाटकात नाचणीच्या शेतात ठरावीक अंतराने वाल, तूर, एरंड, कारळे यांच्या ओळी घालतात. या ओळींच्या पद्धतीला अक्कडी म्हणतात. नाचणीची मुळे वरच्या थरातले पाणी घेतात, तुरीची खाली उतरतात. नाचणी कापल्यावरही जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल आणि तूर तग धरतात. एखाद्या वर्षी पावसाने नाचणीला दगा दिला तरी घरात काहीतरी येते.

म्हैसूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर मंड्या आहे. तिथल्या विश्वेश्वरय्या कालवा प्रक्षेत्रावर लक्ष्मणय्या नावाच्या शास्त्रज्ञाने सारी हयात नाचणीवर घालवली. भारतीय आणि आफ्रिकी नाचणीचा संकर करून त्यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत नवे वाण काढले. भारत आणि आफ्रिका यांची इंग्रजी नावे जोडून त्या वाणांना ‘इंडाफ’ हे नाव मिळाले. या वाणांमुळे कर्नाटकात नाचणीचे एकरी उत्पन्न चांगलेच वाढले. शेतकरी त्यांना ‘रागी लक्ष्मणय्या’ म्हणून ओळखू लागले. गमतीचा भाग असा की हे काम चालले होते ते भात-उसाच्या ओलिताच्या मुलखात. १९११ मध्ये बांधकाम सुरू झालेल्या कृष्णराजसागर धरणाने मंड्याचे शिवार हिरवेगार केले होते. कालव्याच्या काठावर बसून एक माणूस कोरडवाहू गरिबाच्या धान्याचा विचार करत होता.

कंजूष असणे पुरेसे नाही

मग सर्वांत कमी पाणी खर्चणारे वाण शोधले की झाले, असे वाटेल. गोष्ट इतकी सोपी नाही. एखादे झाड छिद्रे मिटून बसले तर कागदावर त्याची काटकसर उत्तम दिसते, पण कणसात दाणा भरत नाही. पैसा वाचवण्यासाठी जेवण सोडणाऱ्या कंजुषासारखी त्याची गत होते. शेतकऱ्याला असे झाड नको असते.

कोणते झाड खरोखर हुशार आहे, हे ओळखण्याची एक युक्ती १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात सापडली. हवेतल्या कार्बनचे दोन प्रकार असतात, एक हलका आणि एक किंचित जड. गव्हासारख्या पिकांची पाने हलका कार्बन पसंत करतात. छिद्रे आवळून मिळेल त्यावर भागवणाऱ्या पानाला फार निवड करता येत नाही, म्हणून त्याच्यात जड कार्बनचे प्रमाण थोडे जास्त सापडते. चिमूटभर सुकलेले पान यंत्रात घातले की त्या झाडाने पूर्ण हंगामात पाण्याचा व्यवहार कसा केला, ते कळते. या पारखीतून ऑस्ट्रेलियाने २००२ मध्ये ‘ड्रायस्डेल’ नावाचा कोरडवाहू गहू शेतकऱ्यांना दिला. बंगळूरच्या कृषी विद्यापीठातही याच मार्गाने भुईमूग आणि भात यांच्यावर दीर्घकाळ संशोधन झाले. तिथल्या शास्त्रज्ञांचा रोख असा राहिला की काटकसरीचे पान आणि खोल जाणारे मूळ ही जोडी एकाच रोपात आणावी. मिळकत आणि बचत दोन्ही हव्यात. याच विद्यापीठाने २०१७ मध्ये दुष्काळात तग धरणाऱ्या ‘एमएल-३६५’ या नाचणीच्या वाणाचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध केला.

आपल्या मालदांडी ज्वारीची थोरवीही याच जोडीत आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला निवडलेला हा वाण आज इतक्या दशकांनंतरही रब्बीत टिकून आहे. पाऊस संपल्यावर पेरायची आणि काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवर भाकरी मिळवायची, हे काम त्याच्याइतके भरवशाने करणारे वाण थोडेच निघाले.

जंगलाची जमिनीखालची तिजोरी

गुंडलुपेट मागे पडले की बंदीपूरचे जंगल लागते आणि त्याला लागूनच तामिळनाडूच्या हद्दीत मुदुमलै. धावडा, ऐन, साग, नाणा ही इथली मुख्य झाडे. विदर्भातल्या आणि सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या पानगळीच्या जंगलांशी त्यांचे नाते आहे. जानेवारीनंतर ही झाडे पाने टाकतात. पान नाही तर छिद्र नाही, आणि छिद्र नाही तर खर्च नाही. काटकसरीचा हा सर्वांत जुना मार्ग.

पण कडक उन्हाळ्यात, पावसाचा पत्ता नसताना, यांतल्या कित्येक झाडांना कोवळी पालवी फुटते. हे धाडस कशासाठी? मुदुमलैमध्ये केलेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की लवकर फुटलेल्या पालवीला किडीचा उपद्रव कमी होतो. पावसाबरोबर किडींची फौज येईपर्यंत पाने निबर झालेली असतात. मात्र या पालवीसाठी पाणी आणायचे कुठून?

ते जमिनीखाली असते. बंदीपूरच्या जंगलात मुळेहोळे नावाच्या ओढ्याचे सुमारे चार चौरस किलोमीटरचे छोटे पाणलोट क्षेत्र आहे. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि फ्रेंच शास्त्रज्ञ यांनी २००३ पासून तिथे पाण्याचा थेंब न् थेंब मोजायला घेतला. पडणारा पाऊस वर्षाला सुमारे ११०० मिलिमीटर. ओढा वाहतो तो पावसाळ्यातले काही दिवस. बाकीचे बहुतेक पाणी झाडे पुन्हा हवेत सोडतात. खडकाची झीज होऊन तयार झालेला पंधरा-वीस मीटर जाडीचा भुसभुशीत थर हीच इथली तिजोरी. झाडांची मुळे त्यात खोलवर उतरतात आणि एका वर्षीचे पाणी पुढच्या वर्षीही वापरतात.

तिजोरी असली म्हणजे चिंता मिटली, असे कोणालाही वाटेल. मुदुमलैच्या झाडांनी हा समज खोटा ठरवला. तिथे ५० हेक्टर जंगलातल्या, छातीच्या उंचीवर एक सेंटिमीटरहून जाड असलेल्या प्रत्येक झाडाची १९८८ पासून नोंद ठेवली जात आहे. हत्तींचे अभ्यासक म्हणून प्रसिद्ध असलेल्या रमण सुकुमार यांच्या पुढाकाराने हे काम उभे राहिले. या शतकाच्या सुरुवातीला इथे लागोपाठ काही वर्षे पावसाने ओढ दिली. त्या काळातली झाडांची वाढ आणि मृत्यू यांच्या नोंदी वापरून ऋतुजा चित्रा-तारक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा जातींची झाडे कोणत्या खोलीवरून पाणी घेतात याचा अंदाज बांधला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष चकित करणारा होता. लांबलेल्या दुष्काळात जास्त दगावली ती खोलवरच्या पाण्यावर विसंबणारी झाडे. कारण वरची माती एका चांगल्या पावसात भिजते, पण खोल थरात पाणी पोहोचायला वर्षे लागतात. ठेव मोडून खाल्ली आणि नवी भरली गेली नाही, तर एक दिवस खाते रिकामे होणारच.

एका वर्षाच्या दुष्काळात उथळ मुळांची झाडे आधी कोमेजतात, लोकांच्या डोळ्यांना तेच दिसते. खरा घाव दोन-तीन वर्षांनी, सर्वांत भक्कम वाटणाऱ्या झाडांवर पडतो. पावसाच्या सरासरीकडे बघून जंगलाचे भवितव्य सांगता येत नाही, ते यामुळेच.

हवेची तहान

हवामानबदलाने या हिशेबात दोन नवे आकडे घातले आहेत, एक जमेचा आणि एक खर्चाचा.

जमेचा आकडा कार्बन डायऑक्साइडचा. १९५८ मध्ये हवेच्या दहा लाख भागांत तो ३१५ भाग होता, २०२४ मध्ये ४२० च्या वर गेला. बाहेर कार्बन डायऑक्साइड मुबलक असेल तर छिद्रे थोडी उघडूनही पोट भरते. म्हणून भात, गहू आणि जंगलातले वृक्ष यांची पाण्याच्या वापरातली कार्यक्षमता वाढते. उपग्रहांच्या चित्रांत जगाचे कित्येक कोरडे भाग पूर्वीपेक्षा हिरवे दिसू लागले, त्यामागे हेही एक कारण आहे. भारत हिरवा दिसतो तो मात्र मुख्यतः शेतीमुळे, आणि त्या शेतीमागे खते आणि ओलीत आहे. पंप आधीच बसवलेल्या नाचणी-ज्वारीला या वाढीव कार्बनचा फायदा कमी मिळतो. पण तोटाही कमी होतो. वाढत्या कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढलेल्या भात-गव्हात लोह, जस्त आणि प्रथिने घटतात, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. ज्वारी-मक्यासारख्या पिकांवर हा परिणाम फारसा दिसला नाही.

खर्चाचा आकडा उष्णतेचा. हवा एक अंशाने तापली की तिची वाफ सामावून घेण्याची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. तेवढी वाफ समुद्रावरून आली नाही तर हवा ती पानांतून ओढते. दोरीवरचे कपडे कडक उन्हात चटकन वाळतात, तसे झाडही वाळते. हवेच्या या वाढत्या तहानेमुळे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून जगभरात वनस्पतींच्या वाढीला खीळ बसू लागल्याचे २०१९ मधल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवले. थोडक्यात, कार्बन डायऑक्साइड एका हाताने देतो आणि उष्णता दुसऱ्या हाताने काढून घेते. कोरड्या प्रदेशात काढून घेणारा हात बळकट आहे. त्याच २०१९ च्या फेब्रुवारीत वाळलेल्या बंदीपूरला आग लागून हजारो एकर जंगल जळाले. २०२३ मध्ये कर्नाटकातल्या २३६ तालुक्यांपैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर करावे लागले.

वाचलेले पाणी जाते कुठे?

आता राहिला माणसाचा भाग. गुंडलुपेटच्या शिवारात एके काळी नाचणी, ज्वारी आणि कडधान्ये पावसावर होत. पुढे विजेचे पंप आले, बोअर आल्या. शेतीपंपांची वीज फुकट झाली. हळद, भाजीपाला, केळी अशी ओलिताची पिके वाढली. हातात दोन पैसे आले, मुले शिकली, त्यामुळे शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. पण विहिरी आटल्या आणि बोअर खोल खोल जात राहिल्या. जवळच्या जंगलातल्या झाडांनी जी चूक नाइलाजाने केली, तीच इथे हौसेने होत आहे. तिजोरी भरण्याच्या वेगापेक्षा रिकामी करण्याचा वेग जास्त आहे.

यावर ठिबक सिंचन हा उपाय सांगितला जातो. तो चांगलाच आहे. पण ठिबकने वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर ओलिताखाली आणला, तर भूजल होते तिथेच राहते. पानाचेही तसेच आहे. काटकसरी पान थेंबाचे मोल वाढवते, जमिनीत पाणी ठेवून जाते असे नाही. ते ठेवायचे की नाही, हे माणसाने ठरवायचे असते. किती पाणी मुरते ते मोजणे, गावाने मिळून पीक ठरवणे, तळी गाळमुक्त ठेवणे, ही कामे नाचणी करू शकत नाही.

भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. म्हैसूरमध्ये १९५० पासून कार्यरत असलेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने नाचणीवर बरेच काम केले आहे. दाण्यावर वाफेची प्रक्रिया करून, वरचे साल काढून तो भातासारखा शिजवता यावा, अशी पद्धतही तिथे विकसित झाली. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. इतर कोणत्याही तृणधान्यात इतके कॅल्शियम सापडत नाही.

कोकणातल्या, कोल्हापूरकडच्या आणि नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातल्या घरांना नाचणीची भाकरी आणि आंबील नवी नाही. शहरात गेल्यावर ती ‘आजारी माणसाचे खाणे’ होऊन बसली. आठवड्यातून दोन-तीन वेळा पोळीऐवजी नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी झाली, तर त्या धान्याला बाजारात उठाव येईल. उठाव आला की भाव मिळेल. आणि भाव मिळाला तरच कोरडवाहू शेतकरी बोअरवर कर्ज काढण्याऐवजी पावसावरच्या पिकाकडे वळण्याचा विचार करील. पानांनी आपल्या परीने लाखो वर्षांत काटकसर साधली आहे. तापत्या हवेत ती पुरी पडणार की नाही, हे शेतकऱ्याच्या पेरणीवर आणि आपल्या परातीत कोणते पीठ पडते यावरही अवलंबून आहे.